आठव्या माणसाचं आडनाव काय?

आमच्या पेडण्यात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न नाव काय असा नसतो, तो असतो "खंयचे तुमी?", म्हणजे कुठले तुम्ही. आणि नाव सांगितलंच तर समोरचा थांबून राहतो, म्हणजे पुढचं बोला, आडनाव बोला. आडनाव सांगून पण काम संपत नाही, कारण नाईक म्हटलं तर कुठले नाईक, गोव्यात नाईक दहा तऱ्हेचे, गावकर म्हटलं तरी तेच. मग वाडा, मग देव, मग आजोळ. एकदा का सगळं नीट लागलं की माणूस सैल होतो, खुर्ची पुढे सरकवतो, चहा सांगतो. तक्रार म्हणून सांगत नाहीये हां, मी पण तेच करतो, माझ्या बापाने तेच केलं.

सांगायचं कारण म्हणजे एक सिनेमा, खरं तर दोन. गेल्या पावसात लायट टिकली तशा लागोपाठ दोन रात्री बसून १९५७चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आणि १९८६चा बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' परत बघितले. आमच्या नाट्यमंडळात एक मास्तर आहेत, रिटायर्ड, त्यांचं म्हणणं हिंदीवाला म्हणजे सेम टू सेम, एक पान इकडचं तिकडे नाही, आणि हे ते कौतुकाने म्हणतात. मला नेमकं तेच खटकतं. सेम टू सेम आहे म्हणूनच तो कुठेतरी हुकलाय, आणि हुकलाय तो अभिनयात नाही, कॅमेऱ्यात नाही (कॅमेऱ्यात थोडा आहे, त्यावर येतो), तर या आडनावाच्या जागेवर हुकलाय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्क, उकाडा, अठरा वर्षांच्या पोरावर बापाच्या खुनाचा आरोप, बारा ज्युरी एका खोलीत कोंडलेले. निकाल एकमतानेच लागला पाहिजे, आणि दोषी ठरला तर पोरगा इलेक्ट्रिक चेअरवर. पहिल्या मतदानात अकरा जण दोषी म्हणतात, एकटा आठ नंबर नाही म्हणतो. तो निर्दोष आहे असं पण तो म्हणत नाही, त्याचं म्हणणं एवढंच की एका पोराला मारायला पाठवायचं तर निदान बोलूया तरी. मग सुरा, खालच्या मजल्यावरचा लंगडा म्हातारा पंधरा सेकंदात दारापर्यंत पोचला की नाही, धावत्या ट्रेनच्या खिडक्यांतून खून बघितलेली बाई, तिच्या नाकावरचे चष्म्याचे वळ, असं एकेक सुटत जातं आणि मतं एकेक करून फिरतात.

रेजिनाल्ड रोझने हे आधी १९५४ला टीव्हीसाठी लिहिलं, तो स्वतः ज्युरीवर बसून आला होता तो अनुभव ताजा असताना. त्यावरून झालेला १९५७चा सिनेमा हा दिग्दर्शक सिडनी लुमेटचा पहिला, आणि पहिलाच असून त्याने एक गंमत केली की सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वर ठेवला, मग डोळ्यांच्या रेषेत आणला आणि शेवटच्या भागात खाली नेला, लेन्स पण लांब लांब करत गेला, त्यामुळे शेवटी वरचं छत दिसायला लागतं आणि खोली अंगावर आल्यासारखी वाटते. शूटिंगच्या आधी दोन आठवडे नटांकडून नुसती तालीम करून घेतली. आमच्याकडे जत्रेच्या नाटकाला दोन आठवडे सगळे एकत्र मिळाले तर नारळ फोडतील.

बासूदांचा कॅमेरा साधा, जो बोलतो त्याच्याकडे जातो, दुसरा बोलला की त्याच्याकडे जातो. खोली आवळत नाही, आवाज तेवढा चढत जातो. पण नट बघा. पंकज कपूर तीन नंबर, म्हणजे जो शेवटपर्यंत अडून बसतो आणि शेवटी स्वतःच्या मुलाच्या दुःखाने फुटतो, तो. आणि अन्नू कपूर त्या खोलीतला सगळ्यात म्हातारा माणूस, तेव्हा त्याचं स्वतःचं वय तिशीच्या आसपास. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला खरंच म्हातारा वाटला होता, ती मान, ते बोलताना मध्ये श्वासाला थांबणं. के. के. रैनाचा आठ नंबर मला मूळच्या हेन्री फोंडापेक्षा जास्त आवडतो हे सांगितलं की लोक हसतात. फोंडा पहिल्या मिनिटापासून हिरो आहे, पांढरा सूट घालून खिडकीत उभा, आपल्याला कळतं की हा जिंकणार. रैना तसा वाटत नाही, तो ऑफिसातला कारकून वाटतो ज्याला बॉसने खडसावलं तर गप्प बसेल. असा माणूस नाही म्हणतो तेव्हा त्याला जास्त जड गेलं असणार.

म्हणजे हिंदीवाला वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं असं की तो दिल्लीत, मुंबईत, पणजीत कुठेच घडत नाही. तो न्यूयॉर्कमध्येच घडतो, फक्त हिंदीत.

एक तर कायद्याची साधी गोष्ट. १९८६ला आपल्याकडे ज्युरी नव्हतीच. १९७३चा सीआरपीसी, म्हणजे फौजदारी खटले चालवायचा कायदा, आला, १९७४च्या एप्रिलपासून लागू झाला, त्यात ज्युरी गेली ती गेली. आता १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलंय, त्यात पण नाही. पारशी लोकांच्या लग्नाच्या खटल्यांत अजून डेलिगेट, म्हणजे ज्युरीसारखी माणसं, बसतात तेवढाच काय तो अवशेष. म्हणजे ही बारा माणसं त्या खोलीत कशाला आली, कोणी बोलावलं, याचं उत्तरच सिनेमाकडे नाही, आपण चालवून घेतो कारण गोष्ट चांगली आहे.

आणि ज्युरी होती तेव्हा तरी ती अशी होती का? नाही. नानावटी केस सगळ्यांना माहीत आहे, निदान अक्षय कुमारच्या 'रुस्तम'मुळे तरी. १९५९, मुंबई, नौदलाचा अधिकारी, बायकोच्या मित्राला गोळ्या घातल्या. (आम्ही तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात, आमच्यासाठी मुंबई म्हणजे परदेश.) त्या ज्युरीत माणसं नऊ होती, बारा नाहीत, आणि निकाल लागला आठ विरुद्ध एक, निर्दोष. एकमत लागत नव्हतं, बहुमत पुरत होतं. म्हणजे आपल्या ज्युरीच्या खोलीत एकट्या माणसाने हट्ट धरून काही होण्यासारखं नव्हतंच, बाकीचे आठ जण त्याला म्हणणार बस तू तुझं मत घेऊन, आम्ही चाललो घरी. जज्जाला तो निकाल पटला नाही, त्याने केस हायकोर्टाकडे पाठवली, हायकोर्टाने नानावटीला दोषी ठरवलं, सुप्रीम कोर्टाने १९६१ला ते कायम केलं, आणि पुढे १९६४ला त्याला माफी मिळाली ती वेगळी भानगड.

मला त्यातला तो एकटा नववा माणूस सोडत नाही. बाहेर पेपरवाले, गर्दी, सगळे नानावटीच्या बाजूने, खोलीत आठ जण त्याच्या बाजूने आणि हा एकटा म्हणतो दोषी. सिनेमाच्या बरोबर उलटं. आणि शेवटी वरच्या कोर्टांनी त्याचंच खरं केलं. अमेरिकेच्या गोष्टीत एकटा माणूस दयेच्या बाजूला उभा असतो, आपल्या खऱ्या गोष्टीत तो शिक्षेच्या बाजूला होता, आणि बरोबर होता. त्याच्यावर कोणी सिनेमा काढला नाही. काढला तर मी तिकीट काढून बघेन, ब्लॅकने पण.

आता नावाचं. मूळ सिनेमात त्या खोलीत कोणाला नाव नाही, सगळे नंबर. आरोपी पोरगा कुठल्या समाजाचा हे पण स्पष्ट सांगत नाहीत, दहा नंबरवाला 'असले लोक' म्हणून जे काय ओकतो त्यातून आपण समजून घ्यायचं. हे तिथे चालतं. चालतं कारण बाराच्या बारा पुरुष, बाराच्या बारा गोरे, मग नाव काढून घेतलं की उरतो नुसता नागरिक, निदान तसं भासवता तरी येतं. आपल्याकडे नाव काढून घेतलं की नागरिक उरत नाही, आपल्याकडे उरतो तो 'सांगत का नाही हा?' असा संशय. बसमध्ये शेजारच्याने नाव सांगितलं आणि आडनाव टाळलं तर आपण काय विचार करतो हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. बासूदांच्या खोलीत बारा जण तासन् तास भांडतात, एकमेकांच्या अंगावर जातात, आणि एकाच्याही तोंडून तू कोण, कुठला, कोणाचा असं नीट बाहेर पडत नाही. इतकी सभ्य बारा माणसं मला हिंदुस्थानात दाखवा. राग झोपडपट्टीवर निघतो, म्हणजे गरिबीवर, आणि गरिबीवर राग काढला की बघणारा आरामात बसतो कारण थिएटरातला प्रत्येक जण आपण तसे नाही असं धरून चालतो.

कोणी म्हणेल की रिमेक म्हणजे असंच असणार, मूळ बदलायचं नाही. पण याच गोष्टीचे बाकीच्यांनी काय केलं ते बघा. अमेरिकेतच १९९७ला विल्यम फ्रीडकिनने टीव्हीसाठी परत केला, जॅक लेमन आठ नंबर आणि जॉर्ज सी. स्कॉट तीन नंबर. त्याने चार ज्युरी काळे घेतले, आणि विष ओकणारा जो दहा नंबर तो पण काळा केला, म्हणजे द्वेष ही एकाच रंगाची मक्तेदारी नाही. जज्ज बाई केली, ज्युरीत मात्र बाई नाही, 'मेन' असल्यामुळे अडलं असेल. त्याने गोष्ट जशीच्या तशी ठेवून नुसती माणसं बदलली आणि त्यामुळे तीच वाक्यं वेगळी ऐकू यायला लागली. रशियात निकिता मिखालकोव्हने २००७ला केला, त्यात आरोपी पोरगा चेचेन आणि मेलेला त्याचा सावत्र बाप रशियन फौजेतला. म्हणजे ज्याच्याबद्दल त्या देशात बोलायला लोक टरकतात तेच त्याने टेबलावर आणून ठेवलं. सिनेमा लांबट आहे, प्रत्येक जण आपापलं रडगाणं गातो, पण कोण कुठला हे लपवलेलं नाही.

आणि चिन्यांनी २०१४ला केला तो मला सगळ्यात हुशार वाटतो. चीनमध्ये अशी ज्युरी नाही, आपल्यासारखंच. मग त्यांनी काय केलं, तर लॉ कॉलेजच्या पोरांची परीक्षा, नकली खटला, आणि ज्युरी म्हणून त्या पोरांचे पालक आणून बसवले. टॅक्सीवाला आहे, घरमालक आहे, कोणाला श्रीमंतांच्या पोरांचा राग, कोणाला बाहेरगावच्यांचा. खटला खोटा असून भांडण खरं. एक छोटी सोय केली आणि पूर्ण गोष्ट त्यांच्या गावची झाली.

आता हसू येतं ते याचं की ही नकली कोर्टाची युक्ती मराठी माणसाला १९६७पासून पाठ आहे. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. नाटक मंडळी एका गावात प्रयोगाला आलेली, वेळ जात नाही म्हणून खोटा खटला, आरोपी बेणारे बाई. १९७१ला सत्यदेव दुबेंनी त्याचा सिनेमा पण केला. त्यात प्रत्येकाला आडनाव आहे. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, सामंत, रोकडे. तेंडुलकरांना काही सांगावं लागत नाही, आपण आडनाव ऐकतो आणि माणूस कुठल्या चाळीतला, कुठली भाषा बोलणार, कुठे कच खाणार ते मनात आपोआप लावून घेतो, आणि तेंडुलकर आपल्याला त्यातच पकडतात. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये पण तेच, २०१४चा, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आरोपी लोकशाहीर नारायण कांबळे. कांबळे म्हटल्यावर अर्धा खटला तिथेच दिसतो. आणि ताम्हाणे त्या वकिलांच्या मागून त्यांच्या घरी जातो, कोण काय जेवतं, सुट्टीच्या दिवशी कुठलं नाटक बघतं आणि कशावर हसतं, हे सगळं दाखवतो. जज्ज एका बाईची केस तिने बिनबाह्यांचं घातलंय म्हणून पुढे ढकलतो. आरडाओरडा शून्य. पण सिनेमा संपल्यावर मला ते कोर्ट माझ्या म्हापशाच्या कोर्टासारखं वाटलं, तोच कंटाळा, तीच पंख्याची घरघर, आणि 'एक रुका' बघून मला कधी कुठलंच ओळखीचं वाटलं नव्हतं. हे दोन्ही रिमेक नव्हेत, पण जे काम रिमेकने करायला हवं होतं ते यांनी केलं.

इथपर्यंत मी मास्तरांशी वाद घालत होतो तोवर बरं चाललेलं. मग मंडळाने ठरवलं की आपण असंच काहीतरी बसवूया, आणि मी बढाई मारल्यामुळे लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. परदेशी नाटकाची गोष्ट घ्यायची नाही, आपली करायची असं ठरलं. मी खून वगैरे काढून टाकलं. देवस्थानची फंडपेटी फुटली, संशय एका भाडेकरूच्या पोरावर, आणि गावातली बारा माणसं देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, बसून ठरवणार की त्याला पोलिसात द्यायचा की नाही. एकमत पाहिजे, कारण गावाच्या नावाने तक्रार जाणार. ज्युरीची अडचण सुटली. आपल्याकडे बारा माणसं अशा कारणासाठी खरंच बसतात, कोर्टात नाही बसत, देवळात बसतात. आणि त्या बारांत कोण बसणार हे पण आधीच ठरलेलं असतं, आमची देवस्थानं अजून पोर्तुगीज काळातल्या १९३३च्या कायद्यावर चालतात, महाजन, म्हणजे देवस्थानचा हक्काचा सभासद, हा जन्माने महाजन. खोलीच्या दाराशीच निम्मा निकाल लागलेला असतो.

तालीम पण अग्रशाळेतच, रात्री नऊनंतर, मे महिना, पंखा आहे पण तो फिरतो म्हणून पंखा म्हणायचा. लुमेटला उकाडा मुद्दाम तयार करावा लागला, आम्हाला फुकट.

पहिली अडचण आडनावांची आली. मी स्क्रिप्टमध्ये बारा आडनावं घातली होती, हौसेने, गावात जशी असतात तशी. तर दहा नंबर कोणी घेईना. म्हणजे भूमिका सगळ्यांना पाहिजे, सगळ्यात जोरदार भाषण त्याचंच, पण ते आडनाव लावून नको. एक म्हणाला आमच्या वाड्यावरचे लोक काय म्हणतील. दुसरा म्हणाला माझं स्वतःचं आडनाव तेच आहे, मी कसा म्हणू. दोन रात्री त्यातच गेल्या. शेवटी मी पळवाट काढली, दहा नंबरला नाईक केला, कारण नाईक कोणी पण असू शकतो. तर तालमीच्या पहिल्याच वाक्याला एक काका विचारतात, "नाईक म्हणजे खंयचे नाईक?" सगळे हसले. मी पण हसलो, पण मला कळलं की मी बासूदांचंच केलं, जरा गोव्याचा मसाला घालून.

मग ते भाषण. मी आधी मूळच्याच धर्तीवर लिहिलं होतं, झोपडपट्टी, गरिबी, ही असलीच पोरं. आमच्या दहा नंबरवाल्याने म्हटलं आणि ते हवेत विरून गेलं, सगळे मोबाईल बघत बसलेले. तिसऱ्या रात्री तो वैतागला, कागद खाली ठेवला आणि आपल्या मनाने बोलायला लागला, कोकणीत, घरी बोलतो तसा. हे भायले येतात. भाड्याने राहतात. आधी एक येतो, मग त्याचा भाऊ येतो, मग पूर्ण गाव येतं. उद्या यांची मतं आमच्यापेक्षा जास्त होतील. मध्ये एक घाणेरडा शब्द पण आला, घाटावरून आलेल्यांना आमच्याकडे लावतात तो. (आणि हा शब्द मराठी बोलणाऱ्या आम्हालाच कधी कधी पणजी-मडगावात ऐकवला जातो, तेव्हा झोंबतो.) बोलण्यात इतका जोर होता की मोबाईल खाली गेले. मी मनात म्हटलं सापडलं.

तेव्हाच खोपच्यात लाईट लावणाऱ्या पोराकडे लक्ष गेलं. मंडपवाल्याकडे काम करतो, बाप कर्नाटकातल्या गदगकडचा, पोरगा मात्र म्हापशाच्या हॉस्पिटलात जन्मलेला आणि आमच्याच शाळेत शिकलेला. कोकणी माझ्यापेक्षा चांगली बोलतो. तो खाली मान घालून वायर गुंडाळत होता, एकदा गुंडाळून झालेली परत सोडून परत गुंडाळत होता. दहा नंबरवाल्याने पण ते बघितलं, आणि त्याचं भाषण मध्येच तुटलं. कोणीतरी चहा सांगितला.

त्या रात्रीनंतर मास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि जे सांगितलं त्यात दम आहे, म्हणून इथे मांडतो. त्यांचं म्हणणं, तू नावं घातलीस, जात-गाव-भाषा घातलीस की प्रेक्षक पुरावा ऐकणार नाही. तो बघत बसणार की लेखकाने कोणाला वाईट दाखवलं, आपला माणूस कुठल्या बाजूला आहे. मूळ सिनेमाची सगळी ताकद चष्म्याच्या वळांत आहे, पंधरा सेकंदांत आहे, म्हणजे डोकं शांत ठेवून शंका घेण्यात आहे. आडनाव आलं की डोकं तापतं आणि शंका मरते. नंबर ठेवले ते लपवायला नाही ठेवले, ऐकू यावं म्हणून ठेवले. वर त्यांनी हे पण ऐकवलं की तेंडुलकरांच्या नाटकात सगळ्यांना आडनावं होती, मग तिथे न्याय झाला का, बेणारे बाईला फाडून खाल्लं सगळ्यांनी मिळून.

मी दोन दिवस गप्प होतो. मास्तरांचं अर्धं मला पटतं. बारा सामान्य माणसं एका खोलीत बसवली की त्यातून न्याय बाहेर पडतो हा अमेरिकन विश्वास माझा पण नाही. आमच्याकडे खोलीत बसवलेली माणसं बहुतेक वेळा गाऱ्हाण्यासारखी वागतात, पुढचा एक जण म्हणतो "बा देवा म्हाराजा", आणि मागचे सगळे, न ऐकताच, "व्हय म्हाराजा!" त्याच्यापेक्षा सुंदर एकमत जगात नसेल. गाऱ्हाण्यात मध्येच हात वर करून जरा थांबा म्हणणारा मी अजून बघितला नाही. म्हणून ज्युरी परत आणा वगैरे मी म्हणणार नाही, नानावटीच्या आठ जणांनी ते प्रकरण मिटवलंय.

पण बाकीचं अर्धं पटत नाही. डोकं शांत ठेवून शंका घ्यायची म्हणजे कशावर घ्यायची? चष्म्याच्या वळांवर शंका घेणं सोपं आहे, ती बाई समोर नसते, तिचं काही आपल्याला लागत नाही. बारा जणांतले अकरा पहिल्याच मतदानाला हात वर का करतात, हे पुराव्यामुळे होतं का? पुरावा त्यांनी तेव्हा धड तपासलेलाच नसतो, गोष्टच तशी आहे. हात वर झाला तो 'असले लोक असेच' यामुळे झाला. मग ते 'असले' म्हणजे कसले हे नाव घेऊन सांगितल्याशिवाय शंका घेणार कुठे? हिंदी सिनेमात शंका सुऱ्यावर घेतली जाते, ट्रेनवर घेतली जाते, चष्म्यावर घेतली जाते, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी खोली भाड्याने द्यायची झाली की पहिला प्रश्न आडनावाचा विचारतो. सिनेमाने त्याला त्या प्रश्नापाशी पकडलंच नाही. लुमेटचा प्रेक्षक पण तसाच घरी गेला असेल म्हणा, पण निदान त्याच्या डोक्यात 'असले लोक' म्हणजे कोण याचं चित्र लख्ख होतं, त्याच्या शहरातलं होतं. आपल्याला ते चित्र पण उसनं दिलं.

आणि मास्तर म्हणतात की नाव आलं की प्रेक्षक पुरावा ऐकणार नाही, तर माझा उलट प्रश्न आहे की नाव नसताना तो ऐकतो ते काय ऐकतो? कोडं ऐकतो. दुपारच्या पेपरातलं शब्दकोडं सुटावं तसं खून सुटला म्हणून खूष होतो. मूळ सिनेमा तर मुळात खून सोडवतच नाही, पोराने बापाला मारलं की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, मारलं पण असेल. हे 'एक रुका'ने पण तसंच ठेवलंय, त्याबद्दल बासूदांना मानलं पाहिजे, आपल्याकडे कोणी दुसरा असता तर खरा खुनी पकडून दाखवला असता आणि वर एक गाणं टाकलं असतं. पण बघून आलेल्या दहा जणांना विचारा, नऊ जण सांगतील की शेवटी पोरगा निर्दोष होता. शंका म्हणजे काय ते पोचलंच नाही.

असो. मंडळात तडजोड झाली, मंडळं तडजोडीवरच चालतात. नावं ठेवायची, दहा नंबरचं भाषण ठेवायचं पण तो शब्द काढायचा, आणि आठ नंबरचं, म्हणजे जो एकटा नाही म्हणतो त्याचं, आडनाव काय ठेवायचं यावर एकमत झालं नाही. ज्याने त्याने आपापलं सुचवलं, साहजिक आहे. द्वेष करणारा दुसऱ्याच्या वाड्यावरचा पाहिजे आणि शहाणा आपल्या. म्हणून ती जागा स्क्रिप्टमध्ये कोरी आहे, पेन्सिलने एक रेघ.

मूळ सिनेमाच्या शेवटी कोर्टाच्या पायऱ्यांवर तो म्हातारा आठ नंबरला गाठून नाव विचारतो. तो सांगतो डेव्हिस, म्हातारा सांगतो मॅककार्डल, आणि बस, दोघे दोन दिशांना. पूर्ण सिनेमात पहिल्यांदा नावं, आणि ती पण काम झाल्यावर. मला हा सीन फार आवडतो, मी तो आमच्या स्क्रिप्टमध्ये उचलला, अग्रशाळेच्या पायऱ्यांवर आणून ठेवला.

परवा तालमीला आठ नंबरवाला आला नाही, त्याच्या पाव्हण्याकडे बारसं होतं. प्रॉम्प्टिंगला कोणी मोकळं नव्हतं म्हणून लाईटवाल्या पोराच्या हातात स्क्रिप्ट दिली आणि म्हटलं तू वाच नुसतं. वाचलं त्याने, सपाट, पण स्वच्छ. शेवटच्या सीनला आमचे म्हातारे काका, पोस्टातून रिटायर झालेले, पायरीवर थांबून विचारतात, "आपलं नाव?" पोराने कागद बघितला, तिथे रेघ. तो गप्प. काकांना वाटलं वाक्य विसरला, त्यांनी सवयीने पुढचं जोडलं, "आनी खंयचे तुमी?"

पोरगा म्हणाला, "हांगाचोच." इथलाच.

स्क्रिप्टमध्ये ते वाक्य नाही. मी घालायचं म्हणतोय, मास्तर म्हणतात आधी बैठकीत ठेवूया, बारा जणांना विचारून.